रंग मारण्याआधी भिंत वाचा : नागपूर जिल्ह्यातील ग्रामपंचायती आणि चर्च कमिट्यांना खुले पत्र

प्रति,
नागपूर जिल्ह्यातील गावोगावचे सरपंच आणि पंचायत सदस्य, चर्च कमिट्या, मिशनच्या मालमत्तेचे विश्वस्त, आणि जुने वाडे, चावड्या, शाळा सांभाळणारे सर्वजण

सप्रेम नमस्कार.

नाताळ तोंडावर आला, शताब्दीचा कार्यक्रम ठरला किंवा कुठून निधी मंजूर झाला, की गावातल्या जुन्या चर्चचे काम निघते. ठेकेदार येतो, फुगलेला गिलावा हातोड्याने पाडतो, सिमेंटची छपाई करतो, वर पुट्टी आणि प्लास्टिक रंग. जुनी फरशी उखडून चकचकीत टाइल, आवारात गट्टू (सिमेंटचे पेव्हर ब्लॉक), छपराचे कवेलू म्हणजे कौले उतरवून निळा टिन. उद्घाटनाच्या फोटोत इमारत नवी कोरी दिसते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर गुडघ्याच्या उंचीवर रंगाचे पापुद्रे सुटतात, चौथ्या वर्षी ओल छातीपर्यंत चढते. मग पुन्हा निधी आणि पुन्हा सिमेंट. मालगुजारांच्या वाड्याचे, जुन्या चावडीचे, मिशनच्या शाळेचे हेच होते.

यात पैसा वाया जातो हे खरेच, पण त्याहून मोठे नुकसान दुसरे आहे. खेड्यातल्या इमारतीवर कोणी ग्रंथ लिहून ठेवलेला नसतो. तिची वीट, तिचा चुना, कवेलूच्या पाठीवरचा शिक्का, छपराला पेलणाऱ्या लाकडी कैचीचे जोड आणि कपाटातले रजिस्टर एवढेच तिचे दस्तऐवज असतात. ते ट्रॉलीत भरून नाल्यात टाकले की गावाचा तेवढा इतिहास गेला, आणि तो परत आणता येत नाही. म्हणून आमची विनंती अशी : आधी नोंद करा, मग पाण्याचा बंदोबस्त, मग चुन्याने दुरुस्ती. हा क्रम उलटा करू नका.

पहिली गफलत तारखेची होते. कमानीवर एक साल रंगवले जाते आणि तेच पुढे स्मरणिकेत छापले जाते. प्रत्यक्षात चर्चला निदान तीन तारखा असतात : गावात मिशनचे काम कधी सुरू झाले, आजच्या इमारतीचा पाया कधी घातला, आणि तिचे समर्पण कधी झाले. सुरुवातीची उपासना शाळेच्या खोलीत किंवा बंगल्याच्या ओसरीवर होत असे, त्यामुळे पहिली आणि दुसरी तारीख यांत पन्नास वर्षांचेही अंतर असू शकते. ‘हे चर्च हिस्लॉप साहेबांनी बांधले’ असे कोणी सांगितले तर एवढे ताडून पाहा : स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले आणि ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून वारले. त्यानंतरची इमारत त्यांच्या नावाची असू शकते, त्यांच्या हातची नाही. हिस्लॉप कॉलेजच १८८३ चे आहे.

कागदावर मिशनचे नाव काय लिहिले आहे, यावरूनही काळ कळतो. स्कॉटिश मिशनच्या कागदावर ‘फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड’ असेल तर तो १९०० च्या आधीचा. ‘युनायटेड फ्री चर्च’ असेल तर १९०० ते १९२९ मधला. ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ हे नाव १९२४ पासून चालू झाले. ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ म्हणजे सीएनआय हे तर २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरातच, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये स्थापन झाले. अँग्लिकन बिशपचा नागपूर धर्मप्रांत १९०३ चा आणि कॅथलिक धर्मप्रांत १८८७ चा. तारीख नसलेल्या पत्राचा, पावतीचा किंवा नकाशाचा काळ यावरून बराच जवळ आणता येतो.

आता इमारतीचीच साक्ष घ्या. कवेलू उतरवण्याची वेळ आली तर पाच-दहा कवेलू उलटे करून शिक्का पाहा. बासेल मिशनच्या मंगलोरी कवेलूवर १८६५ हे साल असते, आणि पुष्कळ गावांत तेच इमारतीचे साल समजले जाते. ते कारखाना निघाल्याचे साल आहे, तो कवेलू पुढे कितीही वर्षांनी भाजलेला असू शकतो. पहिल्या महायुद्धानंतर तेच कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, तेव्हा हे नाव असलेला कवेलू त्यानंतरचा. लोखंडी गर्डरवर टाटाचे नाव असेल तर तो १९१२ च्या आधीचा नाही, कारण जमशेदपूरला पोलाद त्या वर्षी निघू लागले. मात्र गर्डर आणि कवेलू दोन्ही मागाहून बदलता येतात, म्हणून एकट्या शिक्क्यावर निकाल देऊ नका. भिंत आणि छप्पर वेगवेगळ्या काळातले निघणे अगदी नेहमीचे आहे, आणि तसे निघाले तर तीही इतिहासाचीच नोंद आहे.

विटेचे माप घेताना एका विटेवर जाऊ नका. दहा थरांची उंची सांध्यांसकट टेपने मोजा आणि लिहून ठेवा. दीड-दोन इंच जाडीची पातळ वीट ही भोसल्यांच्या काळातल्या किंवा त्याआधीच्या बांधकामाची खूण, नऊ बाय साडेचार बाय तीन इंचांच्या आसपासची वीट इंग्रजी अमलातली. पण पडक्या वाड्याच्या विटा चर्चच्या पायात वापरलेल्या असू शकतात, हे ध्यानात ठेवा. भारतात सिमेंटचे मोठे उत्पादन १९१४ मध्ये पोरबंदरला आणि त्यानंतर कटनीला सुरू झाले. त्याआधीच्या खेड्यातल्या इमारतीत सिमेंट दिसले तर ते नंतर थापलेले आहे, असे खुशाल धरून चला.

दगडही बोलतो. काटोल, कळमेश्वर, हिंगणा या बाजूला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट. कामठीकडे पिवळसर-तांबूस वाळूचा दगड, जो सिल्लेवाड्याच्या खाणींतून निघत असे. याची गरज केवळ इतिहासापुरती नाही, दुरुस्तीलाही आहे. काळा दगड पाणी जवळजवळ पीत नाही, त्यामुळे भिंतीची सगळी ओल सांध्यातल्या चुन्यातून ये-जा करते. वाळूचा दगड स्वतःच पाणी पितो. त्याचे सांधे सिमेंटने भरले की ओल दगडाच्या तोंडातून बाहेर पडते, दगडाची पापडी सुटत जाते, आणि काही वर्षांनी सिमेंटचे सांधे जाळीसारखे पुढे उभे राहतात व मधला दगड आत खोल गेलेला दिसतो. अशा भिंतीवर हात फिरवला तर दगडाची वाळू हाताला लागते. असा दगड पुन्हा धड होत नाही.

कागदपत्रांबद्दल. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची रजिस्टरे ही फक्त चर्चची नाहीत, साऱ्या गावाची आहेत. त्यात आईबापांची नावे, गाव, धंदा सापडतो. दुष्काळ, साथी, स्थलांतर हे सगळे दफनाच्या पानांवर महिन्यामहिन्याने दिसते. या रजिस्टरांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका, फाटले म्हणून पाने कापून नव्या वहीत चिकटवू नका. टेपचा डिंक दहा-पंधरा वर्षांत कागद खातो आणि लॅमिनेशन परत सोडवता येत नाही. मांजरपाटाच्या धुतलेल्या कापडात बांधून बाहेरच्या भिंतीपासून निदान अर्धा फूट दूर असलेल्या कपाटात, तळापासून वरच्या खणात ठेवा. खिडकीजवळ सकाळच्या उजेडात, मोबाइल अगदी सरळ वर धरून प्रत्येक पानाचा फोटो घ्या, कोरे पानसुद्धा सोडू नका. फोटोच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवा. नावे जशी लिहिली आहेत तशीच उतरवा, शुद्धलेखन सुधारू नका.

चर्चमध्ये जे मिळत नाही ते गावाच्या दप्तरात मिळू शकते. आपल्याकडचे कोतवाल बुक, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, बंदोबस्त मिसल, पी-१, १९५४-५५ चे अधिकार अभिलेख हे जातीच्या दाखल्यासाठी सगळेच शोधतात. इमारतीसाठी मात्र कोणी उघडत नाही. त्या जमिनीचा खसरा क्रमांक घेऊन भूमी अभिलेख कार्यालयात जुना नकाशा पाहिला, तर कोणत्या सालापर्यंत तिथे मोकळी जागा होती आणि कोणत्या नकाशात इमारत उमटली, हे कळते. नागपूरला पुराभिलेखागाराची शाखा आहे. १९०८ चे जिल्हा गॅझेटियर इंटरनेटवर वाचायला मिळते. कामठीच्या छावणीत मद्रासच्या पलटणी असत, त्यामुळे तिथल्या जुन्या गोऱ्या शिपायांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी मुंबईच्या नव्हे, मद्रासच्या दप्तरात शोधाव्या लागतात. यावर अनेकांचा बराच वेळ वाया गेलेला आहे.

एवढी नोंद झाली की मग दुरुस्ती. तिची सुरुवात भिंतीपासून नाही, पाण्यापासून.

जुन्या जाड भिंतीला खाली ओल अडवणारा थर नसतो. ती जमिनीतले पाणी थोडे थोडे पिते आणि चुन्याच्या गिलाव्यातून, चुन्याच्या सफेदीतून बाहेर सोडते. नागपूरला सरासरी अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे भिंत चार महिने पिते आणि आठ महिने वाळते. या हिशेबावरच त्या इमारती उभ्या राहिल्या. बाहेरून सिमेंट लावले की वाळण्याचा रस्ता बंद होतो. पाणी मग सिमेंटच्या वरच्या कडेपर्यंत चढते आणि तिथून बाहेर पडते, म्हणून ओलीची रेघ दरवेळी नव्या गिलाव्याच्या वर दिसते. पाण्याबरोबर खार येतो. तो पृष्ठभागाच्या आत सुकताना फुगतो आणि विटेचे तोंड भुगा करून पाडतो. ठेकेदार सांगतो, ‘सिमेंट कमी पडले, वर अजून चार फूट लावू.’ चार फूट वर लावले की ओल चार फूट वर जाते.

अलीकडे सर्वांत जास्त नुकसान आवारातल्या गट्टूंनी होते आहे. गट्टू घालताना मुरमाचा भराव येतो, आवाराची पातळी सहा इंच ते एक फूट वाढते, जोते तेवढे बुडते आणि उतार नकळत भिंतीकडे होतो. आतली टाइलही तेच करते : जमिनीची ओल जी पूर्वी शहाबादी फरशीच्या सांध्यांतून सगळ्या खोलीभर उडून जायची, ती आता फक्त भिंतींतून वाट काढते. उपाय सोपा आणि स्वस्त आहे. भिंतीलगत अडीच-तीन फुटांची पट्टी उघडी करा, जुनी जमीन लागेपर्यंत भराव काढा, तिथे गिट्टी घाला, आणि पाणी दूर जाईल असा दहा फुटांना निदान दोन इंचांचा उतार द्या. भिंतीला टेकलेली नळकोंडी, हातपंपाचे सांडपाणी, शौचालयाची टाकी, फुलझाडांची कुंडी हे सगळे हलवा. पुष्कळ इमारतींची निम्मी ओल एवढ्याने कमी होते.

हे ठरवण्यासाठी पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन इमारतीला एक फेरी मारा. कुठल्या पागोळीचे पाणी भिंतीवर उडते, कुठे डबके साचते, घंटेच्या बुरुजातून पाणी आत येते का, हे कागदावर काढा. कोरड्या दिवसात दहा तज्ज्ञ आणले तरी हे दिसत नाही.

लागलेले सिमेंट काढायचे असेल तर घाई करू नका. ब्रेकर किंवा ग्राइंडर लावला तर सिमेंटबरोबर विटेचे पक्के तोंड निघून येते, आणि ते तोंड गेले की वीट स्पंजासारखी पाणी पिते. छिन्नी-हातोड्याने, खालच्या चार फुटांपासून, एका वेळी चार-पाच फूट रुंदीची पट्टी काढा. जे पोकळ वाजते ते आधी सुटते. जे सुटतच नाही आणि विटेला इजा करते ते तसेच राहू द्या, पुढच्या वर्षी पाहू. काढलेली भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी वाळू द्या. त्या काळात पांढरा खार फुलून येईल. तो पाण्याने धुऊ नका, धुतला की परत आत जातो. कोरड्या ब्रशने झाडा, सुपलीत गोळा करा आणि आवाराबाहेर टाका.

आता चुना. बाजारात पिशवीत मिळणारी पावडर बहुधा हवेने मेलेली असते. कळीचा चुना घ्या, आपल्याकडे कटनीचा मिळतो. घेताना एक खडा पाण्यात टाकून पाहा : काही मिनिटांत सुस्कारत फुटला आणि पाणी उकळले तर चुना जिवंत, नुसता पडून राहिला तर परत करा. विझवताना आधी टाक्यात पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. उलटे केले तर चुना उसळून अंगावर येतो आणि डोळा जाऊ शकतो. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे घाला, आणि लहान पोरांना जवळ येऊ देऊ नका. चुन्याच्या अंदाजे तिप्पट पाणी लागते. तो बारीक जाळीतून गाळा आणि पाण्याखाली निदान तीन आठवडे झाकून ठेवा. तीन महिने राहिला तर आणखी चांगला. लोण्यासारखा झाला आणि थापीवर चिकटून राहिला की तयार समजा.

वाळू कन्हानची असो की आणखी कुठली, माती तपासल्याशिवाय वापरू नका. काचेच्या सरळ बाटलीत अर्धी वाळू आणि मिठाचे पाणी घालून जोरात हलवा, तीन तास ठेवा. वर बसलेला मातीचा थर वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून जाड असेल तर वाळू धुवावी लागेल. सुरखीसाठी पक्क्या भाजलेल्या मातीच्या विटेचा भुगा लागतो. फार करपलेली, काचेसारखी झालेली वीट चालत नाही, आणि आपल्याकडे आता सगळीकडे मिळणाऱ्या राखेच्या विटांची सुरखी होत नाही. मापाने एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू, इथून सुरुवात करा आणि भिंतीच्या मागच्या बाजूला दोन बाय दोन फुटांचे तीन नमुने वेगवेगळ्या मापाचे लावून महिनाभर पाहा. जो भेगाळत नाही, नखाने उकरत नाही आणि जुन्या चुन्याहून कडक वाटत नाही, तो घ्या. नवा चुना जुन्या विटेपेक्षा मऊ असलाच पाहिजे. भिंतीत काही झिजायचेच असेल तर चुना झिजावा, वीट नाही. गूळ-हिरड्याचे पाणी जुन्या पद्धतीने घालणारे मिस्त्री अजून आहेत. त्यांनी ते बेतानेच घालावे, गूळ जास्त झाला की भिंतीवर बुरशी आणि मुंग्या येतात.

सांधे भरताना जुना सैल चुना पाऊण ते एक इंच खोल काढा, धूळ झटका, भिंत भिजवा, पण पाणी वाहत असताना चुना भरू नका. गिलावा अर्ध्या इंचाहून जाड एका वेळी नाही, आणि पुढचा हात आठ-दहा दिवसांनी. कामाचा काळ दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत. चुना पाणी उडून सुकला म्हणजे पक्का झाला असे नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू परत दगड होतो, आणि त्यासाठी ओलावा टिकावा लागतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात लावलेला चुना दोन तासांत वाळतो आणि खडूसारखा हाताला लागतो. म्हणून थंडीतही पोते टांगून, दिवसातून तीन-चार वेळा पाणी मारून, निदान दहा दिवस तो ओला ठेवा. ओलीच्या भागातला पहिला गिलावा वर्ष-दोन वर्षांत खार ओढून खराब होईल. त्याबद्दल मिस्त्रीला बोल लावू नका. तो खार भिंतीतून बाहेर काढण्यासाठीच लावलेला असतो, तेवढा काढून दुसरा लावा. शेवटी सफेदीचे चार-पाच पातळ हात. ओला असताना हात पारदर्शक दिसतो आणि चुना कमी पडला असे वाटते. दुसऱ्या सकाळी तोच पांढरा शुभ्र निघतो. या एका गैरसमजामुळे लोक जाड हात मारतात आणि तो पोपडे होऊन पडतो.

भेगांबद्दल थोडे सावकाश सांगावे लागेल, कारण इथे मातीचा स्वभाव कळल्याशिवाय काही कळत नाही. काळी माती उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसात फुगते. तिच्यावरची इमारत दरवर्षी थोडी हलते. भेगेच्या दोन्ही बाजूंना एक एक खिळा ठोका, त्यांतले अंतर मेमध्ये, जुलैअखेर, ऑक्टोबरमध्ये आणि जानेवारीत मोजा आणि तारखेसह भिंतीवरच लिहा. भेग उन्हाळ्यात उघडून पावसाळ्यात मिटत असेल तर ती ऋतूची भेग आहे, मऊ चुन्याने भरली की पुरे. मेमध्ये ती सर्वांत रुंद असते आणि नेमकी तेव्हाच सिमेंटने भरतात. जुलैत माती फुगली की भेगेला मिटता येत नाही, मग शेजारी नवी भेग पडते. चारही वेळा अंतर वाढतच असेल तर मात्र पाया, झाडाचे मूळ किंवा गळकी पाइपलाइन पाहावी लागेल, आणि तिथे अनुभवी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. भिंतीत पिंपळ उगवला असेल तर ओढून काढू नका, मुळाबरोबर चिरे येतात. बुंध्याशी कापा, मुळे मेल्यावर तेवढे दगड क्रमांक टाकून उतरवा आणि मुळे काढून परत बसवा.

छपराचे कवेलू उतरवून टिन घालण्याचे कारण माकडे आणि दरवर्षीची फेरणी, हे आम्ही समजतो. पण मंगलोरी कवेलूचे छप्पर चौरस मीटरला साधारण चाळीस-पंचेचाळीस किलो भरते, टिन पाच-सहा किलो. ते वजन कैच्यांना भिंतीवर दाबून ठेवत होते. वजन गेल्यावर मे महिन्यातल्या वावटळीत पत्रा कैचीसकट उचलला जातो. टिन घालायचाच असेल तर प्रत्येक कैची भिंतीत खोल गेलेल्या बोल्टने बांधा. कवेलू ठेवायचे असतील तर फुटलेले बदलण्यासाठी पडक्या घरांचे त्याच मापाचे शे-दोनशे कवेलू आत्ताच जमवून ठेवा. सागवानी कैची कुजते ती बहुधा भिंतीत टेकलेल्या टोकाला. तिथे पेचकस टोचून पाहा. अर्धा इंच सहज आत गेला तर तेवढे टोक कापून जुन्या सागाचा सांधा द्या, सगळी कैची फेकू नका. टोकाभोवती बोटभर पोकळी राहू द्या, ते सिमेंटमध्ये पुरले की पुन्हा कुजते.

घंटेवर बनवणाऱ्याचे नाव आणि साल असते. कागद ठेवून पेन्सिल घासा म्हणजे ठसा मिळतो. ते घंटेचे साल आहे, चर्चचे असेलच असे नाही. लोळी, म्हणजे घंटेच्या आतला लोलक, वर्षानुवर्षे एकाच जागी आपटून तिथे खळगा पडला असेल तर घंटा पाव फेरा फिरवून टांगा. आवाज भद्द येत असेल तर तडा शोधा, पण वेल्डिंग करू नका.

कब्रस्तानातल्या दगडांना ॲसिड, तारेचा ब्रश आणि ऑइल पेंट यांपासून वाचवा. झिजलेली अक्षरे वाचायची असतील तर रात्री टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने उजेड पाडा, दिवसा न दिसणाऱ्या ओळी उठून दिसतात.

कायद्याबद्दल दोन गैरसमज दूर करायला हवेत. शंभर वर्षे झाली म्हणजे सरकार इमारत ताब्यात घेते, या भीतीने काही कमिट्या साल लपवतात किंवा दर्शनी दगड झाकून टाकतात. नुसत्या वयाने कोणतीही इमारत संरक्षित होत नाही. त्यासाठी राज्य किंवा केंद्राची अधिसूचना लागते. केंद्र-संरक्षित स्मारकाच्या शंभर मीटरच्या आत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या आणखी दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते, ते तुमच्या गावाला लागू आहे का हे पुरातत्त्व खात्याकडून लेखी घ्या. दुसरे असे की, चर्चची मालमत्ता नोंदणीकृत सार्वजनिक विश्वस्त संस्थेची असेल, तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय ती विकता येत नाही. ‘पडीक झाली, बिल्डरला देऊ’ असा ठराव कमिटीने केला म्हणून विक्री होत नाही.

पैशाचे गणितही याला जोडलेले आहे. निधी मार्चअखेर संपवायचा असतो, म्हणून काम फेब्रुवारीत निघते आणि सिमेंटनेच होते, कारण अंदाजपत्रक करणाऱ्याच्या हाताशी सिमेंटचेच दर असतात. दोन वर्षांचे दोन टप्पे मागा : पहिल्या वर्षी नोंद, पाण्याचा निचरा, सिमेंट काढणे, कैच्यांची तपासणी. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर चुना. ठेक्याच्या कागदात ‘सिमेंट, पुट्टी आणि प्लास्टिक रंग वापरणार नाही, नमुना मंजूर झाल्यावरच काम सुरू होईल, काढलेला प्रत्येक कोरीव किंवा शिक्क्याचा तुकडा कमिटीच्या ताब्यात दिला जाईल’ ही तीन वाक्ये शब्दशः घाला.

आणि एक काम तर बिनपैशाचे आहे. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत गावातल्या जुन्या इमारतींची यादी वाचून दाखवा : चर्च, मिशनचा बंगला, शाळा, मालगुजारांचा वाडा, चावडी, बांधीव विहीर, कब्रस्तान. प्रत्येकीपुढे मालक, भिंत कशाची, छप्पर कशाचे, आणि साल कोणत्या पुराव्यावरून धरले ते लिहा. पुरावा नसेल तर सालाचा रकाना रिकामा सोडा. चारही बाजूंचे फोटो, दारापुढे टेप धरून, तारखेसह जोडा. एक प्रत नमुना ८ च्या (घरपट्टी आकारणीच्या) रजिस्टरबरोबर पंचायतीत, एक चर्चच्या कपाटात आणि एक शाळेत ठेवा.

आपले,
जुन्या चुन्याच्या इमारतींवर काम करणारे काही गवंडी, सुतार आणि अभियंते
नागपूर